नव्या गिलाव्यासाठी रोलर आणि कुंचला

दुकानाचा नवा गाळा असो वा घराची वाढवलेली खोली, गिलावा पूर्ण झाला की कुटुंबात चर्चा सुरू होते ती रंगछटांची. छटांचे पुस्तक आठवडाभर घरात फिरते, सुनेचे मत वेगळे पडते, आजोबांना मोतिया रंगच हवा असतो. ज्या हत्यारांनी तो रंग भिंतीवर चढणार, त्यांची चौकशी मात्र क्वचितच होते. रंगारी पिशवीतून रोलर व कुंचला काढतो आणि काम सुरू करतो. त्या पिशवीत एकदा डोकावून पाहिले पाहिजे. मागच्या कामाच्या वाळलेल्या रंगाने कडक झालेली लव तेथे दिसेल, टिनचे गंजलेले कडे दिसेल. आणि जैन घराने आवर्जून विचारावा असा एक प्रश्नही तेथेच आहे, तो म्हणजे हे केस कशाचे आहेत.

बाजारात ‘प्युअर ब्रिसल’ किंवा ‘चायना ब्रिसल’ असे छापलेला कुंचला हा डुकराच्या केसांचा असतो. डुकराचा केस मुळाशी जाड आणि टोकाला नैसर्गिकपणे फाटलेला असतो. त्या फाटलेल्या टोकांत रंग धरून राहतो, म्हणून तेलरंगाच्या काळात त्याला जगभर मागणी होती. चीन हा त्याचा सर्वांत मोठा पुरवठादार. दात घासण्याच्या ब्रशातही हेच केस असत. १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉनच्या तंतूंचा दातांचा ब्रश विक्रीस आला, आणि दुसऱ्या महायुद्धात चीनचा माल अडल्यावर रंगाच्या कुंचल्यांतही नायलॉनने प्रवेश केला. आज कृत्रिम तंतूंचे कुंचले प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. तरीही सवयीने, किंवा ‘भारी माल’ म्हणून, डुकराच्या केसांचा कुंचला अजून पुष्कळ घरांत येतो आणि कांदा-लसणाची सुद्धा सोय नसलेल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर फिरतो. घरच्यांना ते ठाऊक नसते, एवढेच.

रोलरचीही तीच गोष्ट. ‘लॅम्ब्सवूल’ वा ‘शीपस्किन’ असे नाव असलेल्या रोलरवर मेंढीची लोकर असते. शीपस्किनमध्ये ती कातड्यासकट नळीवर गुंडाळलेली असते. ‘मोहेर’ म्हणजे अंगोरा जातीच्या शेळीचे केस. कातरलेली लोकर चालेल की नाही, हे प्रत्येक कुटुंबाने आपल्या आचारानुसार ठरवावे. कातड्याबाबत मात्र फारसा मतभेद होण्याचे कारण नाही.

आता कोणी म्हणेल की आचार सांभाळायचा तर कामाचा दर्जा थोडा उतरणारच. नव्या गिलाव्याच्या बाबतीत हे खरे नाही. येथे भिंतीची गरज आणि घराचा आचार एकाच हत्याराकडे बोट दाखवतात, आणि त्याचे कारण गिलाव्याच्या रसायनातच आहे.

सिमेंटचा ताजा गिलावा अत्यंत अल्कधर्मी असतो. त्याचा सामू १२ ते १३ च्या आसपास भरतो. जुन्या पद्धतीने वरून चुन्याची नीरू घोटली असेल तरी तोच प्रकार. हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. चिमूटभर हळद पाण्यात कालवून, पुढे जेथे स्कर्टिंगची फरशी बसणार आहे अशा तळच्या कोपऱ्यात तिचा एक ठिपका लावावा. पिवळी हळद बघता बघता लालसर तपकिरी होते. हळदीला चुना लागून कुंकवाचा रंग येतो तोच हा चमत्कार; मराठी घरातील कोणत्याही आजीला तो समजावून सांगावा लागत नाही. अशा भिंतीवर तेलाचा प्रायमर किंवा ऑइलपेंट लावला, तर तेल आणि अल्क यांचा संयोग होऊन भिंतीवर अक्षरशः साबण तयार होतो. रंग चिकट राहतो, त्यावर डाग उमटतात आणि काही महिन्यांत तो सोलून निघतो. म्हणून नव्या सिमेंटच्या भिंतीला अल्करोधक, पाण्यात मिसळणारा प्रायमर आणि त्यावर पाण्याचाच इमल्शन रंग योग्य ठरतो.

आणि पाण्याच्या रंगात डुकराचा केस निकामी होतो. केस शेवटी केसच. तो पाणी पितो, फुगतो आणि मऊ पडतो. तासाभरात कुंचल्याची धार जाते, टोके पसरतात आणि छताच्या कडेची रेघ वाकडी येऊ लागते. पॉलिएस्टरचा तंतू पाणी जवळजवळ शोषत नाही; नायलॉन थोडे शोषतो, पण झिजत कमी. दोन्हींचे मिश्रण असलेला कुंचला इमल्शनसाठी उत्तम समजला जातो. जुना रंगारी ‘ब्रिसलशिवाय हात बसत नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याचा हात तेलरंगावर बसलेला असतो. भिंतीचे काम आता तेलाचे राहिलेले नाही, हे त्याला आदराने सांगावे. दारे-खिडक्यांच्या इनॅमलसाठीही चांगले कृत्रिम कुंचले मिळतात. तेथे रंगाऱ्याला एखादा दिवस हात बसवू द्यावा लागतो.

आपल्याकडचा जुना चुन्याचा कुंचा तर वनस्पतीच्याच तंतूंचा असे. अंबाडी, घायपात यांचे तंतू ठेचून बांधलेला तो कुंचा बादलीभर चुन्यात बुडवून भिंतीवर मारला जाई. डुकराच्या केसांचा सफाईदार कुंचला घराघरांत आला तो तेलरंगाच्या मागोमाग. तेव्हा केसविरहित हत्यार मागणारा ग्राहक काही नवे खूळ मागत नाही.

खरेदीच्या वेळी वेष्टनावरील शब्द नीट वाचावेत. ‘सिंथेटिक’, ‘नायलॉन’, ‘पॉलिएस्टर’, ‘फिलामेंट’ हे शब्द असतील तर शंका उरत नाही. नुसते ‘ब्रिसल’ लिहिले असेल तर विचारावे. सुट्या मालावर काहीच लिहिलेले नसते आणि दुकानदारालाही बहुधा माहीत नसते. शिवाय बाजारात ‘वूल रोलर’ म्हणून जे विकले जाते ते पुष्कळदा लोकर नसून ॲक्रिलिक असते. अशा वेळी खात्रीचा एक साधा उपाय आहे. एक तंतू चिमट्यात धरून काडीच्या ज्योतीजवळ न्यावा. प्राण्याचा केस किंवा लोकर असेल तर केस जळाल्याचा ओळखीचा वास येतो आणि बोटांत चुरगळणारी राख उरते. कृत्रिम तंतू वितळतो, मागे सरकतो आणि थंड झाल्यावर टोकाला कठीण मणी राहतो. कापडाच्या व्यापाऱ्यांना ही परीक्षा नवी नाही. गाठींतील सूत ओळखण्यासाठी तीच तर वापरली जाते.

रोलर निवडताना मुख्य बाब म्हणजे लवेची लांबी, आणि नेमके तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. लव जितकी लांब तितका रंग अधिक धरला जातो आणि खाचांत उतरतो. पण तितकाच भिंतीवर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत पोत उमटतो. पुट्टी लावून काचकागदाने गुळगुळीत केलेल्या आतल्या भिंतीला 6 ते 10 मिलिमीटर लवेचा, मायक्रोफायबरचा किंवा विणलेल्या पॉलिएस्टरचा रोलर घ्यावा. पुट्टी न लावता नुसता घोटलेला गिलावा असेल तर 10 ते 12 मिलिमीटर. बाहेरच्या वाळूदार, ‘सँडफेस’ गिलाव्याला 18 ते 20 मिलिमीटरपेक्षा कमी लव चालतच नाही. आखूड लवेचा रोलर वाळूच्या कणांच्या माथ्यांवरून घसरत जातो आणि खाचा कोऱ्या राहतात. लांबून भिंत रंगलेली दिसते, पहिल्या पावसात त्याच कोऱ्या खाचांतून पाणी आत शिरते. स्पंजाचा रोलर स्वस्त असतो, पण भिंतीवर तो बुडबुडे सोडतो; ते फुटले की बारीक खड्डे राहतात. दाराच्या सपाट पाखेपुरता तो ठीक.

रुंदीच्या बाबतीत 9 इंची रोलर मोठ्या भिंतींना आणि 4 इंची खिडक्यांच्या मधल्या पट्ट्यांना, पायऱ्यांच्या बाजूला, नळांच्या मागे वापरावा. दांडा घेताना पिंजऱ्याच्या आकाराचा, पाच-सहा तारांचा घ्यावा. त्यावर आवरण घट्ट बसते आणि काढून धुता येते. मुठीच्या तळाला आटे असतील तर लांब काठी जोडून जमिनीवर उभे राहूनच छतापर्यंत पोहोचता येते. शिडीवरून पडण्याचे प्रसंग रंगकामात थोडे नसतात. आट्यांची मूठ ही त्या दृष्टीने चैन समजू नये. कोपरे व कडा यांसाठी अडीच-तीन इंची, तिरक्या कापाचा कुंचला असावा. त्याची टोके निमुळती आणि किंचित फुटलेली आहेत ना, केस ओढल्यावर हातात येत नाहीत ना, आणि कडे न गंजणाऱ्या धातूचे आहे ना, एवढे पाहिले तरी पुरे. बादलीत टांगायची जाळी घ्यावी. तिच्यावर रोलर निथळून घेतला की जमिनीवर सडा पडत नाही.

रोलर कितीही चांगला असला तरी ओल्या गिलाव्यावर तो काही करू शकत नाही, आणि व्यापारी कुटुंबांची खरी अडचण येथेच होते. दिवाळीच्या वहीपूजनाला नव्या पेढीवर बसायचे ठरलेले असते. बांधकाम पावसाळ्यात रेंगाळलेले असते. आश्विनात गिलावा पुरा होतो आणि मुहूर्त दोन आठवड्यांवर येऊन ठेपतो. सिमेंटच्या गिलाव्याला आधी किमान 7 दिवस पाणी मारावे लागते. सोलापूरसारख्या कोरड्या हवेत ते चुकले तर केसासारख्या भेगा पडतात. त्यानंतर तो वाळायला साधारण 4 आठवडे तरी द्यावे लागतात, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळी हवा असेल तर त्याहून अधिक. जिप्समच्या गिलाव्याला पाणी मारावे लागत नाही आणि तो लवकर वाळतो. पण तो मुळात तहानलेला आणि भुकटीचा असतो. फडक्याने धूळ पुसून, कंपनीने सांगितल्याप्रमाणे पातळ केलेला प्रायमर त्याला आधी पाजावा लागतो, नाहीतर तो रोलरमधले पाणी ओढून घेतो आणि रंगाची कातडी होऊन सुटते. न्हाणीघर व मोरी यांना जिप्सम वापरूच नये.

भिंत वाळली की नाही, हे हाताला कळत नाही. वरचा थर कोरडा लागतो, आत ओल असते. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर हवाबंद चिकटवून 16 तास, म्हणजे संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, तसाच ठेवावा. आतल्या बाजूला दव दिसले किंवा भिंतीचा तेवढा भाग गडद झाला, तर ओल बाकी आहे. उत्तरेकडच्या, उन्हाचा स्पर्श नसलेल्या भिंतीवर ही परीक्षा आधी घ्यावी. वर सांगितलेली हळदीची परीक्षा मात्र वाळण्याची नव्हे. सिमेंटची भिंत महिन्यानंतरही हळद लाल करील. त्याचा अर्थ इतकाच की अल्करोधक प्रायमर टाळता येणार नाही.

घाईत रंगवलेल्या ओल्या भिंतीची किंमत व्यापाऱ्याला दोनदा मोजावी लागते. कापडाच्या दुकानात भिंतीला लागून फळ्यांची मांडणी उभी राहते, तिच्या मागे हवा खेळत नाही, आणि ओल बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो. मग पांढरे क्षार फुलतात, रंगाला फोड येतात, काळी बुरशी धरते आणि शेवटी तो वास तागांना लागतो. धान्याच्या गोदामात तर विचारायलाच नको. जैन घराला या बुरशी-शेवाळाचे आणखी एक ओझे असते. ती एकदा वाढली की खरवडून, औषध मारून काढण्याखेरीज गत्यंतर नसते, आणि ते काम हाताखालच्या माणसाला सांगूनही मन स्वस्थ राहत नाही. भिंत वाळू दिली तर तो प्रसंगच येत नाही. मुहूर्त गाठायचाच असेल तर पूजनापुरता प्रायमरचा एक हात देऊन किंवा पांढरे कापड लावून बसावे. शेवटचे दोन हात पौषात द्यावेत. फळ्या तेवढे दिवस भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवाव्यात. पाहुणे छटा विचारणार नाहीत, मिठाई कोठून आणली ते विचारतील.

क्षार फुललेच, तर ते पाण्याने धुऊ नयेत. पाण्याबरोबर ते पुन्हा आत जातात आणि पुन्हा बाहेर येतात. काथ्याच्या कोरड्या ब्रशने झटकावेत आणि फुलणे थांबेपर्यंत वाट पाहावी. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन पातळ हातांत, एकूण दीड मिलिमीटरच्या आत बसवावी. भिंतीचा बाक पुट्टीने भरून काढण्याचा आग्रह काही घरमालक धरतात. ते गवंड्याचे काम, रंगाऱ्याचे नव्हे. काचकागद मारताना रंगाऱ्याच्या तोंडावर मास्क असावा आणि तो मालकाने आणून द्यावा.

नवा रोलर थेट रंगात बुडवू नये. त्याची सुटी लव पहिल्याच हातात भिंतीला चिकटते आणि नंतर ती वेचत बसावे लागते. आदल्या दिवशी तो पाण्यात धुऊन वाळवावा किंवा त्यावर चिकटपट्टी गुंडाळून ओढून काढावी. काम करताना तीन फुटांचा पट्टा घ्यावा, आधी कुंचल्याने कडा काढाव्यात आणि त्या ओल्या असतानाच रोलर फिरवावा. कडा वाळल्यावर रोलर आला तर जुन्या छायाचित्रासारखी चौकट दिसते. रोलर कोरडा पडला की तो चरचर आवाज करतो. तेव्हा जोर न लावता पुन्हा रंग घ्यावा. दाबून फिरवलेल्या रोलरच्या दोन्ही टोकांकडून रंगाच्या दोऱ्या सुटतात आणि त्या दुसऱ्या हातानेही झाकल्या जात नाहीत. पंखा बंद ठेवावा, शेवटचा फेरा सर्वत्र एकाच दिशेने, वरून खाली असावा.

सूर्यास्तापूर्वी काम थांबवावे. रात्री हॅलोजन लावून रंग ओढण्याची पद्धत दिवाळीच्या तोंडावर सर्रास चालते. पावसाळा नुकताच सरलेला असतो, दिव्यावर चिलटे, पाकोळ्या, तुडतुडे झेपावतात आणि ओल्या भिंतीला चिकटून मरतात. सकाळी त्या भिंतीवर काळे ठिपके दिसतात, रंगारी त्यांवरून काचकागद फिरवतो आणि दुसरा हात देतो. दिव्याच्या उजेडात भिंतीवरचे सुटलेले पट्टेही दिसत नाहीत, तेव्हा कामाच्या दृष्टीनेही रात्रीचा हात कच्चाच. रंगाची बादली रात्रभर उघडी राहू नये. झाकण नसेल तर ओले फडके बांधून ठेवावे.

रंगाऱ्याशी ठराव करताना मजुरी वेगळी आणि हत्यारे वेगळी ठेवावीत. रोलर, आवरणे आणि कुंचले मालकाने स्वतः आणून द्यावेत. चार खोल्यांना पुरतील इतक्या चांगल्या हत्यारांचा खर्च रंगाच्या एका मोठ्या बादलीपुढे किरकोळ असतो. आणि एकदा मालकाने आणले की केसांचा प्रश्न आपोआप मिटतो, मागच्या कामाचा तेलरंगही नव्या भिंतीवर येत नाही. प्रायमरसाठी एक आवरण आणि रंगासाठी दुसरे, असा हिशेब धरावा.

दुपारच्या जेवणासाठी किंवा रात्रीपुरते काम थांबले तर रोलर धुण्याची गरज नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून सावलीत ठेवला की दुसऱ्या दिवशी तो तसाच वापरता येतो, आणि दोन बादल्या पाणी वाचते. काम संपल्यावर मात्र आधी जाळीवर रंग निपटून काढावा, उरलेला जुन्या पुठ्ठ्यावर फिरवून घालवावा आणि मगच धुवावा. वाहत्या नळाखाली धुण्याऐवजी तीन बादल्यांत गाळलेले थोडे थोडे पाणी घेऊन एकातून दुसऱ्यात असा धुतला तर पाणी कमी लागते. पहिल्या बादलीचे रंगीत पाणी गटारात किंवा झाडाखाली ओतू नये. ते एक-दोन दिवस स्थिर ठेवले की रंग तळाला बसतो, वरचे निवळ पाणी पुन्हा धुण्यास वापरता येते आणि तळचा गाळ वाळवून कचऱ्यात टाकता येतो. धुतलेले आवरण आडवे ठेवू नये, एका बाजूची लव दबते. खिळ्याला उभे टांगून वाळवावे आणि कागदात गुंडाळताना त्यावर लवेची लांबी लिहून ठेवावी.